कांशाइमच्या ओटीत

शुक्रवारी सकाळी आमच्या तुर्किस्तान गावात खोजा अहमदच्या दर्ग्याच्या मागच्या गल्लीत शिरलात, तर कांशाइमचं घर कुणाला विचारावं लागत नाही. तळणीचा वासच हाताला धरून नेतो. मेलेल्या माणसाला अन्न पोचत नाही, वास पोचतो. शुक्रवारी ती माणसं आपापल्या उंबऱ्याशी येऊन थांबतात आणि तापल्या तेलाचा वास आला, की घरच्यांना आपली आठवण आहे असं समजून समाधानाने परत जातात. म्हणून घरोघरी त्या दिवशी सात शेल्पेक तळायच्या, ताटाएवढ्या पातळ पोळ्या, आणि कुराणातल्या ओळी म्हणून झाल्या की शेजारीपाजारी वाटून टाकायच्या.

आता घरदार सोडून यात्रेला आलेल्या माणसाने त्या कुठे तळायच्या? तो कांशाइमकडे येतो. कुणी कारागांदीहून, कुणी ताश्कंदहून, कुणी पार मंगोलियाहून. आदल्या रात्री आरिस्तान बाबाच्या कबरीपाशी मुक्काम झालेला असतो, तिथल्या विहिरीचं खारट पाणी बाटल्यांत भरून घेतलेलं असतं, आणि आता खोजा अहमदच्या दाराशी जाऊन मागणं मागायचं असतं. डोळे तांबारलेले, पाय सुजलेले. हातात फोन मात्र सगळ्यांच्या, निळ्या घुमटाचा फोटो काढला नाही तर मागणं वर पोचणार नाही अशा घाईने धरलेला. कांशाइम त्यांना आधी बसवते, दूध घातलेला चहा देते आणि कढईपाशी सरकत विचारते, "कुणासाठी?"

यात्रेकरू नाव सांगतो. ती ते नाव पुटपुटत पहिली पोळी तेलात सोडते. तिच्या फाटकाशेजारी सापुरा नावाची बाई खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या विकायला बसते. ती म्हणते, "तुझ्याएवढे मेलेले तर कुराण पढणाऱ्या मोल्दालाही पाठ नसतील गं. उद्या तू वर गेलीस की सगळा गाव स्टेशनवर घ्यायला येईल."

इतक्या परक्यांची नावं त्या जिभेवरून गेली, पण स्वतःच्या मुलाचं नाव कांशाइमने साठी उलटली तरी कधी उच्चारलं नव्हतं. कुणी दुष्टपणा केला म्हणून नव्हे. रीत होती म्हणून. माणसाने छळलं तर त्याला शिव्या तरी घालता येतात, रीतीला कुठे गाठायचं?

लग्न होऊन ती तोलेपच्या घरी आली तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. आमच्यात सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात. सासऱ्याचं नाही, सासूचं नाही, दिराचं तर तो अंगणात मातीत खेळणारा असला तरी नाही. त्याला काहीतरी गोड टोपणनाव द्यायचं आणि आदराने बोलायचं. वर्षाने कांशाइमला मुलगा झाला. चाळीस दिवस झाले, बाळाला न्हाऊमाखू घातलं, आणि सासूने, रिसबुबीने, सगळ्यांसमोर आपल्या झग्याचा घेर पसरला. तोलेपने बाळ उचलून त्या ओटीत घातलं. पहिलं मूल आजी-आजोबांचं. त्या दिवसापासून ते बाळ रिसबुबीचा धाकटा मुलगा झालं आणि कांशाइमचा दीर.

रिसबुबी वाईट बाई नव्हती. तिचं शेवटचं मूल गोवराने गेलं होतं, आणि रिकाम्या हातांनी तिला घरात बसवत नव्हतं. बाळंतपणात तिने कांशाइमला मेंढीच्या नळीतला मगज स्वतःच्या हाताने भरवला होता. त्याच हातांनी तिने सुनेची छाती फडक्याने करकचून बांधली, पाठीवर डाव्या खांद्याखाली गाठ मारली आणि म्हणाली, "दुखतंय?" कांशाइम म्हणाली, "नाही." बाळ बाटलीच्या दुधावर वाढलं.

मुलाचं नाव येर्नाझार. कांशाइमने त्याला टोपणनाव दिलं, मिर्झा. त्याला ती 'तुम्ही' म्हणे आणि तो तिला 'वहिनी' म्हणे. हे काही गुपित नव्हतं. गावाला माहीत होतं, पोरालाही कळत्या वयात कळलं. लपवलेलं असतं तर कधीतरी उघडकीला तरी आलं असतं. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

एकदा तो गाढवावरून पडला. गुडघा फुटलेला, रक्त पायावर ओघळलेलं, भोकाड पसरून घराकडे धावत आला. कांशाइम दारात होती. तिने नकळत दोन्ही हात पुढे केले. पोरगं तिच्यापर्यंत आलं आणि हुंदक्यांतून म्हणालं, "वहिनी, बाजूला व्हा ना," आणि तिच्या कुशीशेजारून आत पळालं, आईकडे. ती बाजूला झाली. पुढे तिला एक मुलगी झाली, ती आता शिमकेंतला दिल्या घरी सुखात आहे. तोलेप गेला. पण रात्रंदिवस जे कुसळ सलत राहिलं ते हेच, की आपण बाजूला झालो.

मोठा झाल्यावर येर्नाझार जेझकाझगानच्या तांब्याच्या खाणीत लागला. म्हाताऱ्या आईला सांभाळायचं ते धाकट्या मुलाने, हीसुद्धा रीतच. तो रिसबुबीला घेऊन गेला. म्हणजे कांशाइमला तो जवळही राहिला नाही. वर्षातून एकदा यायचा, भेटवस्तू आणायचा, छप्पर दुरुस्त करायचा, आणि "वहिनी, काही लागलं तर सांगा," म्हणून परत जायचा. तिला जे लागत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्याचं लग्न उशिरा झालं, आणि मूल काही होईना. बायको तोरगिन, उंच, मितभाषी, हसली तरी ओठ मिटूनच हसणारी. दोघं दरवर्षी इथे मागणं मागायला यायची. मग गेल्या शरदात रिसबुबी गेली. कांशाइमने जेझकाझगानला जाऊन तिला शेवटची आंघोळ घातली, तेव्हासुद्धा नाव घेतलं नाही, "मोठ्या आई" असंच म्हणाली. आणि उन्हाळा लागता लागता फोन आला.

"वहिनी, मुलगा झाला."

कांशाइमने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आईच्या वर्षाच्या दिवशी त्याला घेऊन येतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्याकडे."

त्या 'तुमच्याकडे'चा अर्थ तिला लगेच कळला. पहिलं मूल आजीचं. ज्या आजीच्या ओटीत ते जायला हवं होतं ती कबरीत होती, आणि आता उरलेली कोण? तिने फोन ठेवला आणि माळ्यावर चढली. तिथे तोलेपच्या आजोबांच्या वेळचा लाकडी पाळणा होता. तो उतरवून तिने घासला, तेल लावलं, नवी गादी शिवली. सापुरा बघत होती.

"मिर्झाचं पोर तुझ्याकडे राहणार?"

"बघू."

"बघू काय? पाळण्याला आरशासारखं चमकवलंयस आणि म्हणे बघू. या वयात नॅप्या बदलशील का गं?"

"तुझ्या दह्याच्या गोळ्या विकण्यापेक्षा बरं काम आहे."

ती हसून बोलली खरी, पण पाळण्यावरचा हात तिने काढला नाही. तिला ते मूल हवं होतं. खरं सांगायचं तर फारच हवं होतं. उरलेलं आयुष्य कुणीतरी आपल्याला आई म्हणून हाक मारील, पडलं-झडलं तर आपल्याकडे धावत येईल, आणि आपल्याला बाजूला व्हावं लागणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आईपणाची थकबाकी नशीब आता चुकवतंय, असं तिने स्वतःला पटवलं होतं.

खरबुजांच्या दिवसांत, एका शुक्रवारी सकाळी ती तिघं आली. आदल्या रात्री आरिस्तान बाबाकडे राहिली होती, कपड्यांना तिथल्या धुळीचा वास होता. येर्नाझार दारातून वाकून आत आला, कानशिलं आता पांढरी झालेली. तोरगिनच्या हातात बाळ होतं, बेकारिस, दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं. तिने ते कांशाइमला दाखवलं, पण हातात दिलं नाही.

"या मिर्झा, दमला असाल," कांशाइम म्हणाली.

"दमलो नाही, वहिनी. तुम्ही मात्र बारीक झालात."

हात धुवायला तो अंगणात गेला. ती तांब्याने पाणी घालत होती. हात धुऊन झाले तरी तो तसाच ओणवा राहिला.

"आईने जाताना एक सांगितलंय."

"काय?"

"म्हणाली, तुला मूल झालं की पहिलं वहिनीच्या ओटीत घाल. तिचं एक मूल माझ्याकडे राहिलंय."

कांशाइमच्या हातातला तांब्या कलंडला. पाणी येर्नाझारच्या बुटांवर गेलं. आयुष्यभर त्या घरात कुणी जे बोललं नाही ते रिसबुबी मरताना बोलून गेली होती. तिचं मूल. तिने ते मनात ठेवलं होतं तर. कांशाइमला सासूचा राग आला, की इतकं माहीत होतं तर जिवंतपणी एकदा तरी मला म्हणायचं. आणि त्याच क्षणी तिच्यासाठी रडूही आलं. तिने बाहीने तोंड पुसलं.

"तोरगिन काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? आईचा शब्द आहे."

"मी विचारलं, ती काय म्हणते."

"तिने काही म्हटलेलं नाही," येर्नाझार म्हणाला, आणि टॉवेल शोधू लागला.

आजच्या सात शेल्पेक रिसबुबीच्या सुनेच्या हातच्या हव्या होत्या. तोरगिनने बाळ येर्नाझारकडे दिलं आणि पोळपाटाशी बसली. ती लाटायला पुढे वाकली, आणि तिचा श्वास अडकला. पुन्हा वाकली, पुन्हा तेच. कांशाइम कढईपाशी होती. तिची नजर तोरगिनच्या पाठीवर गेली. पातळ सदऱ्याखालून डाव्या खांद्याखाली एक उंचवटा दिसत होता. फडक्याची गाठ.

ती गाठ तिला ओळखायला वेळ लागला नाही. चार दशकं झाली होती, पण तिच्या स्वतःच्या पाठीला ती जागा अजून ठाऊक होती.

"कुणी बांधलं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"आईने. माझ्या." तोरगिनने मान वर केली नाही. "म्हणाली, आधीपासून बांधलं की दूध लवकर आटतं. मग जड जात नाही."

"दुखतंय?"

"नाही."

सदऱ्यावर पुढून दोन ओले डाग उमटले होते. तोरगिनने ते दिसू नयेत म्हणून पिठाचा हात तिथे पुसला, त्याने ते जास्तच दिसू लागले. कांशाइमने पोळी उलटायला हवी होती, ती करपली. इतक्या वर्षांत तिच्या हातून करपलेली ती पहिलीच. ती तिने बाजूला टाकली आणि तोरगिनला म्हणाली, "अजून एक लाट." पाळणा आतल्या खोलीत तयार होता आणि ते मूल तिला अजूनही हवंच होतं.

जुमादिल मोल्दा आला, सापुरा आली. बैठकीवर कापड अंथरून सात पोळ्या मांडल्या. मोल्दाने विचारलं, "कुणासाठी?" येर्नाझार म्हणाला, "रिसबुबीसाठी." मोल्दाच्या आवाजाला वय झालं असलं तरी धार होती. तो कुराणातल्या ओळी म्हणत होता तोवर तोरगिन उंबऱ्याकडे बघत होती. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

मग येर्नाझार उठला. त्याने बाळ उचललं. तो कांशाइमसमोर गुडघ्यावर बसला.

"वहिनी, आईचा शब्द आहे. तुमची ओटी पसरा."

मेलेल्या माणसाचा शब्द, वर्षाच्या दिवशी, मोल्दासमोर. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणं म्हणजे रिसबुबीला दारातून हाकलणं, आणि बाळाच्या वाटेत अपशकून पेरणं. आणि कांशाइमला नाही म्हणायचं तरी कुठे होतं? तिने झग्याचा घेर दोन्ही हातांनी पसरला. बाळ तिच्या ओटीत आलं.

किती हलकं असतं ते, हे ती विसरली होती. बेकारिसने डोळे उघडले, तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि तिचं बोट मुठीत धरलं. त्याच्या कपाळाला आंबट दुधाचा वास होता. कांशाइमने त्याला उचलून गालाशी धरलं आणि बराच वेळ तशीच बसली. सापुराचे डोळे भरून आले. येर्नाझारने मान खाली घातली होती. तोरगिन हात मांडीवर ठेवून बसली होती, अगदी नीट, शाळेतल्या मुलीसारखी. तिच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. आपल्या तोंडावरही त्या दिवशी काही नव्हतं, कांशाइमला आठवलं. म्हणून तर सगळ्यांना वाटलं होतं की हिला चालतंय.

"मोल्दा," ती म्हणाली, "हे मूल आता माझं झालं ना?"

"झालं."

"यात कुणाचं दुमत नाही?"

"कुणाचं असणार? तू आई झालीस त्याची."

"मग माझ्या मुलाला कुणी वाढवायचं ते मी ठरवीन."

मोल्दाने दाढीवरून हात फिरवला. त्याला जरा अंदाज आला असावा. "आई तू. तूच ठरवणार," तो म्हणाला.

"तोरगिन, ओटी पसर."

तोरगिनला कळलंच नाही. ती नवऱ्याकडे बघू लागली.

"त्याच्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ. पसर. सासू देते तेव्हा सुनेने नाही म्हणायचं नसतं. मला तरी कुठे म्हणता आलं होतं."

सासू. रीतीने कांशाइम तोरगिनची जाऊ लागत होती, सासू गेल्या वर्षी मातीत गेली होती. येर्नाझारने झटकन मान वर केली.

तोरगिनने घेर पसरला. कांशाइमने बाळाचं कपाळ हुंगलं. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि त्याला त्याच्या आईच्या ओटीत ठेवलं.

"हा तुला आई म्हणेल. लोकांसमोर, मोठ्याने. मला काय म्हणायचं ते त्याचं तो बघेल. आत जा आणि पहिल्यांदा ती गाठ सोड."

तोरगिनने तेव्हा कुठे तोंड उघडलं, पण शब्द आले नाहीत. नुसता आवाज आला, आतून कुठून तरी, आणि बाळ दचकून रडायला लागलं. ती त्याला छातीशी घट्ट धरून आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने रडणं थांबलं. कांशाइम कान देऊन ऐकत होती. तिला आनंद झाला असं कुणी म्हणेल, तर ते खोटं. तिचं काळीज तुटत होतं. पण आपण केलं ते बरोबर केलं याबद्दल तिच्या मनात कसलीच शंका नव्हती.

"आईचा शब्द मोडला नाही ना?" येर्नाझारने मोल्दाला घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ओटीत घालायला सांगितलं होतं, घातलंस. पुढचं तिचं." मोल्दाने हात पसरले. "बाळाला आशीर्वाद देऊ. घरातल्या मोठ्या बाईने सांगावं. नाव?"

"बेकारिस," कांशाइम म्हणाली.

"कुणाचा मुलगा?"

"मिर्झाचा."

"अगं, मिर्झा काय? देवाला टोपणनावं कळायची नाहीत. नीट नाव सांग."

कांशाइमचे ओठ हलले. नाव जिभेच्या टोकाशी आलं आणि तिथेच अडलं. अनोळखी माणसांच्या किती मेलेल्यांना तिने नावाने हाका मारल्या होत्या, आणि हा तिच्यासमोर जिवंत बसला होता. येर्नाझारला तिची दया आली. त्याने स्वतःच पटकन सांगितलं, "येर्नाझारचा, मोल्दा." आशीर्वाद झाला, चहा झाला, पोळ्या वाटल्या गेल्या.

दुपारी ती दोघं दर्ग्याकडे निघाली, तिथून परस्पर स्टेशनवर. तोरगिनने सदरा बदलला होता. फाटकाशी तिने वाकून कांशाइमचा हात डोळ्यांना लावला. "पाळणा इथेच राहू दे," ती म्हणाली. "उन्हाळ्यात याला घेऊन येईन. तेव्हा लागेल." येर्नाझारला काहीतरी बोलायचं होतं. तो टोपी काढून उभा राहिला, पुन्हा घातली, म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर सांगा," आणि वळला.

कांशाइम आत आली. बैठकीवर बाळाचं कानटोपरं राहिलं होतं, तळहाताएवढं. ती ते घेऊन फाटकाकडे धावली. गल्लीच्या टोकाला यात्रेकरूंची बस थांबली होती, माणसांचा लोंढा दर्ग्याकडे चालला होता, आणि त्यात येर्नाझारची पाठ दिसत होती.

"मिर्झा!" तिने हाक मारली. "मिर्झा!"

कुणीच वळलं नाही. घरातल्या चार भिंतींत वाढलेलं ते नाव, त्या गलक्यात ते कुठवर पोचणार? त्याची पाठ लहान होत चालली.

"थांब, मी जाते," सापुरा गोळ्यांच्या टोपलीमागून उठत म्हणाली.

"नको. तू बस."

कांशाइम रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"येर्नाझार!"

आवाज चिरका आला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. फोटो काढणारी माणसं वळून बघू लागली. गर्दीतली ती पाठ जागीच थांबली. तो वळला, पांढऱ्या कानशिलांचा, रुंद खांद्यांचा खाणकामगार, आणि आईने हाक मारल्यावर अंगणात खेळणारं पोर देतं तशी त्याने मोठ्याने ओ दिली. मग गर्दीला बाजूला सारत तो तिच्याकडे धावत आला, आणि या वेळी ती बाजूला झाली नाही.